बॅच चारशे बारामधले काळे ठिपके

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकू. रंगाच्या त्या कारखान्यात तपासनिसाइतकी तिखट नजर दुसऱ्या कोणाचीही नव्हती. हे तपासनीस स्वतःच सांगायचा, जेवणाच्या सुट्टीत, रोज. पण म्हणून काही ते खोटं ठरत नाही.

पांढऱ्या रंगाची प्रत्येक बॅच डब्यांत भरण्याआधी त्याच्याकडे यायची. तो हातभर काचेवर रंगाचा एक पट्टा ओढायचा, काच दिव्याच्या टेबलावर आडवी ठेवायचा आणि ओल्या रंगाला नाक लागेल इतका वाकून बघायचा. तीन ठिपक्यांपर्यंत माफी. चौथा दिसला की बॅच नापास.

"माझ्या नजरेतून ठिपका सुटला तर मिशी उतरवीन," असं तो म्हणायचा. मिशीच म्हणायचा, कारण त्याच्या वर उतरवण्याजोगं काही उरलं नव्हतं.

टेबलाच्या वर एक पाटी होती: डोक्यावर केस असलेल्यांनी टोपी घालूनच वाकावे. पाटी तपासनिसानेच लिहिली होती, अकरा वर्षांपूर्वी, आणि लिहिताना स्वतःला सूट मिळेल अशी शब्दरचना केली होती. इतर लोक टोपी चापूनचोपून, कानावर ओढून वाकायचे. हा उघड्या डोक्याने. दिव्याचा उजेड डोक्यावरून परत काचेवर पडायचा आणि त्याला जरा जास्तच स्पष्ट दिसायचं, असंही काही लोक म्हणत.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मेहुणा झाला.

म्हणजे काय झालं

मेहुणा आधीपासून होताच, बायकोचा धाकटा भाऊ. पण वर्षापूर्वीपर्यंत तो दाजींच्याच वाटेवर होता. घरातल्या फोटोंत दोघं मागच्या रांगेत शेजारी उभे राहायचे, एकाच घरातले दोन बल्ब. मग मेहुण्याने डोक्यामागचे केस काढून पुढे लावून घेतले. तीन हजार मुळं. हा आकडा तो अशा थाटात सांगायचा, जणू तेवढी माणसं त्याच्या हाताखाली कामाला आहेत.

"दाजी, तुम्हीही करून टाका."

"बघू."

बघून झालं होतं. तपासनीस गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरांनी त्याची मान वाकवून मागे बोटं फिरवली, मग आणखी मागे फिरवली, जवळजवळ पाठीपर्यंत गेले, आणि म्हणाले, "पुढे लावायला माझी काही हरकत नाही. पण मागून आणायचं काय?" हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तपासनिसाच्या दोन आठवड्यांच्या रजेतला शेवटचा रविवार होता. मेहुण्याने खिशातून मिरपुडीच्या बाटलीसारखा एक डबा काढला.

"लावलेले केस आधी गळतात, दाजी. खरे यायला तीन-चार महिने जातात. तोवर मी हे भुरभुरायचो. अर्धा डबा उरलाय. फेकवत नाही, तर म्हटलं तुम्हाला द्यावा."

डब्यावरच्या सूचना, आणि त्यांचं काय झालं

*डोके धुऊन पूर्ण कोरडे करावे.*
केलं. डोकं वाळायला फार वेळ लागला नाही.

*डबा उलटा धरून हलक्या हाताने भुरभुरावे. काळे तंतू उरलेल्या केसांना चिकटून केस दाट दिसतात.*
भुरभुरलं.

*डोक्यावर केस अजिबात नसल्यास उपयोग होत नाही.*
ही ओळ तपासनिसाने वाचली, आरशात पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं, आणि पुढच्या ओळीवर गेला.

*टोपी घालू नये. तंतू पुसले जातात.*

खाली तंतूंचं शंभर पट मोठं केलेलं चित्र होतं. वाळक्या काड्यांसारखे, दोन्ही टोकांना तिरपे कापलेले. तपासनिसाला चित्र आवडलं. काम नीटनेटकं वाटलं.

सोमवारी सकाळी तो तयार होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बायकोने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कसं दिसतंय?"

"लांबून चांगलं दिसेल."

"किती लांबून?"

"तुम्ही बसस्टॉपवर जाऊन उभे राहा. मी बाल्कनीतून सांगते."

सोमवार, साडेआठ

कारखान्याच्या दारातच मॅनेजरबाई भेटल्या. त्यांनी एकदा ओळखलं नाही आणि एकदा ओळखलं.

"अहो, हे काय? रजेत केस लावून घेतलेत?"

इथे माणूस दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. तपासनिसाने तिसऱ्या प्रकारे दिलं.

"हो. मागचे पुढे आणले. तीन हजार मुळं."

"छान दिसतंय हो. मग आता पाटीप्रमाणे टोपी?"

"डॉक्टरांनी सहा महिने नाही म्हणून सांगितलंय. रोपं दबतात."

बाईंना हे पटलं. बाई बागकाम करायच्या.

नोंदवहीतून

सोमवार. बॅच ४१२. ठिपके ७. पुन्हा जवळून पाहिले. ठिपके ११. नापास.

मंगळवार. बॅच ४१२, गाळून. ठिपके ९. चष्मा पुसून, आणखी जवळून, मान हलवून सर्व बाजूंनी पाहिले. ठिपके १६. नापास.

बुधवार. मिल आतून घासून घेतली. बॅच ४१३. ठिपके १४, मोजता मोजता १९. नापास. शेरा: परिस्थिती बिघडत आहे.

(वहीत नसलेली नोंद: मंगळवारी सकाळी कपाळाजवळ जरा कमी वाटलं म्हणून त्याने डबा दोनदा जास्त झटकला. बुधवारी चारदा.)

मिलवाले काका

रंग दळायची मिल म्हणजे आडवा फिरणारा लोखंडी पिंप, खोलीएवढा. तो तीस वर्षं एकच माणूस चालवत होता. त्यांना सगळे काका म्हणायचे. पिंपाशेजारच्या खांबावर तीस पांढऱ्या रेघा होत्या, एकही बॅच नापास न होता गेलेल्या वर्षाची एक, अशा. कारखान्याची रीतच तशी होती. बॅच नापास झाली की त्या माणसाच्या सगळ्या रेघा पुसायच्या आणि पुन्हा खालून सुरुवात. काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. जाण्याआधी एकतिसावी ओढायची होती. खालून सुरुवात करायला आता त्यांच्याकडे वर्षं नव्हती.

"काका, मिलमध्ये काहीतरी पडतंय."

"साहेब, माझ्या मिलमध्ये माशीसुद्धा विचारून बसते."

"मग हे काय आहे?"

काका टोपी सावरून काचेवर वाकले. "ठिपके आहेत."

"कुठून आले?"

"ते तुम्ही सांगायचं. नजर तुमची."

काका पिंपात उतरले. गुडघ्यांवर बसून त्यांनी आतला भाग घासला. तपासनीस वरच्या झडपेतून वाकून सूचना देत राहिला, "तो कोपरा राहिला काका, तिकडे अजून काळं दिसतंय," आणि काका तो कोपरा पुन्हा घासत राहिले. कोपरा स्वच्छ व्हायचा, आणि तपासनीस नीट बघायला वाकला की पुन्हा काळा व्हायचा.

मॅनेजरबाईंनी शुक्रवारी अकराला चौकशी ठेवली. छापील फॉर्मवर पहिला रकाना होता: दोष कोणाचा.

गुरुवार, दुपार

तपासनिसाने एक ठिपका सुईच्या टोकावर उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

वाळकी काडी. दोन्ही टोकांना तिरपी कापलेली. काम नीटनेटकं.

तो डोळा लावून बघत असतानाच वरून आणखी दोन काड्या आल्या आणि पहिलीच्या शेजारी व्यवस्थित पडल्या.

तपासनीस सरळ झाला. अगदी सावकाश, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखा. मग त्याने मेहुण्याला फोन लावला.

"ते तुझं, हे, गळतं का रे?"

"वाकलात तर गळणारच, दाजी. मी वाकायचोच नाही. तीन महिने बुटांच्या नाड्या माझ्या बायकोने बांधल्या."

"हे मला सांगायचं होतंस."

"तुम्ही कशाला वाकताय? साहेब आहात ना?"

तपासनीस विचार करत बसला. गप्प राहावं का? सोमवारपासून डोकं धुऊन यायचं, ठिपके आपोआप बंद. पण नापासचा शिक्का पुसायचा तर वहीत कारण लिहावं लागतं, आणि कारण एकच होतं. शिक्का राहिला तर रेघा जाणार. कारण लिहिलं तर केस जाणार, आणि त्यांच्याबरोबर ती तीन हजार मुळंही, जी त्याने आतापर्यंत दारवान, हिशेबनीस आणि दोन ट्रक ड्रायव्हरांना वर्णन करून सांगितली होती. एका ड्रायव्हरला तर दुखलं किती तेही सांगितलं होतं.

मिलकडे चक्कर मारावी म्हणून तो गेला. काका स्टूलवर बसून रॉकेलच्या बोळ्याने खांब पुसत होते.

"काय करताय?"

"उद्या सगळ्यांसमोर पुसायला नको वाटतं. आजच पुसून ठेवतो. ही पहिली. त्या वर्षी मला मिल सुरू करता यायची, बंद करता यायची नाही." बोळा फिरला. रेघ अर्धी गेली. "जुना रंग चिवट असतो साहेब. आपला आहे ना."

"काका, थांबा."

"का?"

"उद्यापर्यंत थांबा. बाकीच्या राहू द्या."

"उद्या काय होणार आहे?"

तपासनिसाला मान हलवावी असं वाटलं, पण मान हलवायचीही सोय राहिली नव्हती.

शुक्रवार, अकरा

प्रयोगशाळेत, दिव्याच्या टेबलाच्या एका बाजूला मॅनेजरबाई, फॉर्म पुढ्यात. दुसऱ्या बाजूला काका, इस्त्रीचा शर्ट घालून. तपासनीस उभाच राहिला.

"ठिपके माझ्या डोक्यातून पडलेत," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कल्पनेत?"

"म्हणजे डोक्यावरून. हे केस नाहीत. पूड आहे."

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुम्ही काकांना वाचवताय. मला कळतं. पण मुळासकट लावलेले केस असे गळतात होय?"

"साहेब," काका म्हणाले. "माझ्यासाठी तुम्ही स्वतःच्या इतक्या चांगल्या केसांची बदनामी करू नका."

पाच दिवस तपासनीस या वाक्याची वाट बघत होता. इतके चांगले केस. आता ते आलं होतं, अगदी मनापासून आलं होतं, आणि खोडून काढायची जबाबदारी त्याच्यावरच होती. क्षणभर तो नुसता उभा राहिला. वाक्य जरा उपभोगून घेतलं म्हणा.

मग त्याने कोरी काच आणली, ४१२ चा पट्टा ओढला, दोघांना मोजायला लावलं. ठिपके शून्य. तो वाकला आणि मान दोनदा हलवली. ठिपके तेवीस.

"पंख्यातून पडले असतील," बाई म्हणाल्या. बाईंना माणसावर विश्वास ठेवायची खोड होती.

शेवटी तपासनिसाने नळाखाली फडकं ओलं केलं आणि कपाळापासून मानेपर्यंत एकच हात मारला. पट्टा कसा ओढायचा हे त्याला शिकवायची गरज नव्हती. मध्ये एक लख्ख पांढरा रस्ता उघडला, दोन्ही बाजूंना काळी झुडपं. मग झुडपंही गेली.

खोलीत दिव्याचा उजेड पुन्हा जागच्या जागी आला होता.

"मग ती तीन हजार मुळं?" बाईंनी विचारलं.

"मेहुण्याची."

काकांनी त्या डोक्याकडे बघितलं. त्या फडक्याकडे बघितलं.

"दोन दिवस मी पिंपात होतो," ते म्हणाले. "गुडघ्यांवर."

"हो."

"आणि तुम्ही वरून म्हणत होतात, काका, तो कोपरा राहिला."

"हो काका."

"कोपरा राहिला नव्हता."

"नाही काका."

फॉर्म, भरल्याप्रमाणे

दोष कोणाचा: वरिष्ठ तपासनीस.
दूषणाचे मूळ: त्यांचे डोके.
नमुना जोडला आहे का: होय, फडक्यासकट.
तातडीचा उपाय: पुसले.
पुन्हा घडू नये म्हणून:

इथे बाई अडल्या. टोपी आजपासून सक्तीची, केस असोत वा नसोत, हे त्यांनी लिहिलं. पण फॉर्मला एक तपासणी आणि एक तपासणारा लागतो.

"मी तपासतो," काका म्हणाले. "त्यांनी माझी मिल तपासली. माझे नऊ दिवस राहिलेत. रोज सकाळी यांचं डोकं मी तपासतो."

तपासनिसाने बाईंकडे बघितलं. बाई लिहीत होत्या.

४१२ आणि ४१३ त्याच दुपारी पास झाल्या. खांबावरची अर्धी पुसलेली रेघ तपासनिसाने स्वतः पुन्हा रंगवून पूर्ण केली.

नववा दिवस

रोज साडेआठला तपासनीस प्रयोगशाळेच्या दारात स्टूलवर बसायचा. काका पांढरं कोरडं फडकं घेऊन कपाळापासून मागे, मग कानापासून कानापर्यंत फिरवायचे, फडकं उजेडात धरायचे आणि वहीत लिहायचे: स्वच्छ. पहिल्या दिवशी दारवान बघायला आला. दुसऱ्या दिवशी दोन्ही ट्रक ड्रायव्हर आले. पाचव्या दिवसापासून कोणी येईना, हे तपासनिसाला थोडं लागलंच.

शेवटच्या दिवशी सकाळी काकांनी एकतिसावी रेघ ओढली, हात धुतले आणि फडकं घेऊन आले. कपाळापासून मागे. कानापासून कानापर्यंत. फडकं उजेडात धरलं आणि थांबले.

"साहेब, एक आहे."

"शक्यच नाही. मी डबा फेकून दिलाय काका, बायकोची शपथ."

काकांनी तो बोटांच्या चिमटीत धरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, वाकून बराच वेळ बघितलं. त्यांची टोपी कानांपर्यंत ओढलेली होती.

"टोकं तिरपी नाहीत," ते म्हणाले. "पूड नाही ही. केस आहे. खरा."

तपासनीस स्टूलवरून अर्धा उठला. त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला. "म्हणजे उगवला?"

"नाही," काका म्हणाले. "गळला."

आणि त्यांनी वहीत लिहिलं: आता स्वच्छ.