टप बसला

ज्या हातांनी उभी हयात लोकांच्या जबड्यात काम केलं, त्या हातांना मोटार काय जड जाणार, असं दंतवैद्य म्हणाले. तेही अशा ठिकाणी म्हणाले की कुणाला खोडून काढायची सोय नव्हती. थोरल्या भावाच्या उशाशी. आजाऱ्यासमोर वाद घालायचा नाही एवढं घरात सगळेच पाळत होते, आणि त्याचा फायदा दंतवैद्य अलीकडे जरा सढळपणे घेत होते.

थोरल्याला, म्हणजे दादाला, हॉस्पिटलवाल्यांनी घरी पाठवलं होतं. हृदय दमलंय म्हणाले, आता खावंसं वाटेल ते द्या म्हणाले. असं वाक्य ऐकल्यावर घरातली माणसं पुढचं काही विचारत नाहीत. औषधांची पिशवी घेतात आणि लिफ्ट शोधायला लागतात. दादाला खावंसं काहीच वाटत नव्हतं. घशात नळी घातल्यापासून त्याचा आवाज बसला होता, त्यामुळे जे वाटत होतं ते त्याने कुजबुजूनच सांगितलं. मागच्या शेडमधली गाडी काढायची, टप उघडायचा आणि डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एकदा जाऊन यायचं.

गाडी लाल, दोन माणसांची, बटण दाबलं की कापडी टप घडी होऊन मागे जाणारी. दादाने ती लग्नाआधी घेतली तेव्हाच जुनी होती. वहिनी तिला सवत म्हणायच्या आणि त्या शब्दाला जागून इतक्या वर्षांत एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या. "सवतीच्या मांडीवर बसायची मला हौस नाही," एवढं बोलून विषय संपवायच्या. दादाचे गुडघे गेले तशी गाडी ताडपत्रीखाली गेली आणि तिथे तिला उंदरांनी चांगलं सांभाळलं. म्हणजे स्वतःच्या सोयीने.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ताडपत्री उचलून आत पाहिलं आणि तीन आठवडे लागतील असं सांगितलं. तो सगळ्यालाच तीन आठवडे सांगायचा. त्याचे तीन आठवडे कधी संपतात हे अख्ख्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. पण या वेळी ते शब्द ऐकून वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या आणि दंतवैद्य ताडपत्रीची गाठ न्याहाळत राहिले. दादाकडे तीन आठवडे आहेत की नाहीत हे दोघांपैकी कुणालाच मोठ्याने म्हणायचं नव्हतं. म्हणून दंतवैद्य दुसरंच काहीतरी मोठ्याने म्हणाले. मी करतो म्हणाले.

दादाने उशीवरूनच डोळा उघडला. धाकट्याला तो लहानपणापासून दातकोरणं म्हणायचा. पुढे डिग्री लागली तरी नाव बदललं नाही.

"दातकोरण्या," तो कुजबुजला, "आधी मला बसव, मग गाडी मोड."

दंतवैद्यांनी काम दंतवैद्यासारखंच केलं. इंजिनाची मूळची प्रकृती दणकट होती. तेल बदलून, प्लग घासून ते खोकत का होईना पण सुरू झालं. खरा रोग होता पत्र्याला. शेजारच्या सीटखाली गंजून हा एवढा खड्डा पडला होता. कुणीही पत्रा कापून नवा जोडला असता. दंतवैद्यांनी खड्डा कोरून साफ केला, वाऱ्याने सुकवला आणि बंद केलेल्या दवाखान्यातून उरलेला सिमेंटचा मसाला आणून दाढ भरावी तसा भरला. वर पॉलिश मारलं. इतकी देखणी दाढ त्यांनी एखाद्या पेशंटलाही भरून दिली नव्हती. पेशंटची जीभ मध्ये यायची, गाडीला ती अडचण नव्हती.

सीटचं मात्र उंदरांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तेव्हा त्यांच्या डोक्यात ती थोर कल्पना आली. दादाला ताठ बसवत नाही. दवाखान्यातली पेशंटची खुर्ची अडगळीत पडून आहे. विजेवर मागे कलते, डोक्याला उशी आहे, हाताला दांडे आहेत. खालचा खांब कापून त्यांनी ती खुर्ची गाडीत, नेमकी त्या भरलेल्या दाढेवर, चार बोल्टांनी पक्की केली. खुर्चीचं स्वतःचं बटण मोडलेलं होतं, म्हणून तिच्या वायरी तात्पुरत्या टपाच्या बटणाला जोडल्या. तात्पुरत्या या शब्दाने जगात जेवढं नुकसान केलंय तेवढं भूकंपांनीही केलं नसेल.

आता टपाकडे वळू. टप उचलणारा पंप मेलेला होता. गॅरेजवाल्याने जुन्या सामानातून एक दुसरा काढून दिला, आणि पुढचा सल्ला फोनवर, एकीकडे जेवता जेवता देत राहिला. घोटाळा झाला तो इथे, आणि खरं तर तो दोघांचाही नव्हता. भाषेचा होता. दाताच्या धंद्यात 'बसला' हा शब्द शुभ. कवळी बसली, कॅप बसली, म्हणजे पेशंट हसत घरी गेला. गॅरेजात तोच शब्द म्हणजे मरण. बॅटरी बसली, इंजिन बसलं, म्हणजे संपलं.

"पंप बसला का?" गॅरेजवाल्याने घास गिळत विचारलं.

"बसला. पहिल्या झटक्यात बसला."

पलीकडे चावणं थांबलं. "पहिल्याच झटक्यात? आणि बॅटरी?"

"तीही बसली. हलत नाही जागची."

गॅरेजवाला हळहळला. त्या हळहळीचा अर्थ दंतवैद्यांनी असा लावला की हातचं गिऱ्हाईक गेल्याचं दुःख आहे, आणि त्यांना थोडी कीवही आली. मग तो म्हणाला की पंपाच्या बाजूचा स्क्रू ढिला करून ठेवा, म्हणजे टप हाताने तरी ढकलता येईल. आणि बॅटरीला दुसरी जोडा. दंतवैद्यांनी दोन्ही गोष्टी शब्दशः केल्या. धडधाकट पंपातला जोर स्क्रू सोडून काढून टाकला. धडधाकट बॅटरीच्या शेपटीला दुसरीचं डोकं जोडून व्होल्टेज दुप्पट केलं. वहिनींनी दारात उभं राहून विचारलं की हे सगळं एकदा त्या गॅरेजवाल्याला दाखवायचं का. दंतवैद्य म्हणाले, त्याच्याशी प्रत्येक गोष्ट बोलूनच चाललंय.

ठरल्या सकाळी दादाला बाहेर आणलं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, आणि कोटाच्या आत इतकंसं माणूस की वहिनींनी बटण लावताना मान वळवली. बंद टपाखाली त्याला वाकवून आत घ्यायला दोघं शेजारी लागले. खुर्चीत टेकल्यावर त्याने दांड्यांवर हात ठेवले, धाकट्याकडे पाहिलं आणि विचारलं की मोटार दाखवायला आणलंय की दात काढायला.

"बसलास का नीट?"

"बसलो."

दंतवैद्यांनी इंजिन सुरू केलं आणि बटण दाबलं.

टप झेपावला. त्याच क्षणी खुर्चीही झेपावली, उलट दिशेला, आणि दादा डोळ्यासमोरून दिसेनासा झाला. तो सपाट आडवा झाला होता. टप अर्ध्यावर गेला, स्क्रूमधून फुस्स करून तेल उडालं, आणि सगळा सांगाडा कापडासकट दोघांवर कोसळून अडकला. आत काळोख. दंतवैद्यांनी पुन्हा बटण दाबलं. टप हलला नाही, खुर्ची मात्र इमानाने उठली आणि दादाचं तोंड कापडात दाबलं गेलं. त्यांनी पुन्हा दाबलं. खुर्ची खाली. पुन्हा दाबलं. वर. बाहेरून वहिनींना एवढंच दिसत होतं की टपाच्या कापडातून आपल्या नवऱ्याचं नाक वर येतंय, खाली जातंय, वर येतंय. ओरडायला दादाला आवाज नव्हता. तो दांड्यावर बोटांनी टकटक करत होता, पेशंट करतात तशी; आणि दंतवैद्यांच्या तोंडून सवयीने तेच आलं जे ते टकटकीला जन्मभर म्हणत आले.

"हलू नका. झालंच."

"भाऊजी," बाहेरून वहिनी म्हणाल्या, "हात काढा त्या बटणावरून. माणूस मारायला बाहेर आणलं का मी?"

दंतवैद्यांचा हात निघाला, पण त्याआधी कुठेतरी वायर जळली आणि खुर्ची खालच्या टोकाला अडकली. पाठोपाठ कडकन आवाज झाला. ती देखणी दाढ फुटली आणि खुर्ची दादाला घेऊन एका बाजूने वीतभर खचली. टपाचा सांगाडा कुणालाच उचलेना. शेवटी वहिनींनी शिवणकामाची कात्री आणून दिली. आपण काय कापतोय हे दंतवैद्यांना कापताना कळत होतं. दादाने नोकरीच्या पहिल्या वर्षात दुसरं काही न घेता ही गाडी घेतली होती, आणि याच टपाखाली धाकट्याला शाळेत सोडलं होतं. त्यांनी मधोमध उभा छेद घेतला. कापड दोन्ही बाजूंना गळलं. खाली दादा, डोळे मिटलेला.

दंतवैद्यांनी नाडी पाहायला मनगट धरलं. घाईत त्यांनी अंगठा टेकवला होता, त्यामुळे कुणाची नाडी लागतेय तेच कळेना.

दादाने डोळे उघडले. वर निवांत, मोकळं आकाश होतं. "उघडला की," तो म्हणाला.

बाहेर यायला मात्र तो तयार होईना. दांडे घट्ट धरून पडून राहिला. दंतवैद्यांनी फोन लावला. दादा गाडीत बसलेत, टप बसलाय, खालचं सगळं बसलंय, लवकर या, असं ते एका दमात म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा गॅरेजवाल्याला जे कळायला हवं ते कळलं. तो आपली ओढगाडी घेऊन आला, आतल्या पेशंटला पाहून त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि टोचन लावतो म्हणाला. म्हणजे दोर बांधून गाडी ओढायची. पण दादा कैक दिवस सुयांनी चाळण झालेला.

"आता नको रे टोचू," तो कुजबुजला.

समजूत पटल्यावर दोर बांधला. आता उशीर नको म्हणून दंतवैद्य स्टिअरिंगमागे बसले आणि पुढे ओरडून सांगितलं, "वर घ्या." त्यांच्या मनात डोंगरावरची टाकी होती. गॅरेजात 'गाडी वर घ्या' म्हणजे रॅम्पवर चढवा. गॅरेजवाल्याने हात दाखवला, सावकाश गल्ली ओलांडली, कोपऱ्यावर वळला आणि सरळ आपल्या शेडमध्ये शिरला. दादा आडवा पडून ऊन खात होता. दंतवैद्य ओरडले तेव्हा गाडी रॅम्पवर होती, गॅरेजवाल्याचा हात खटक्यावर होता, आणि जुना रॅम्प कुरकुरत दोन्ही भावांना घेऊन वर निघाला होता.

थांबला तेव्हा दादाच्या नाकापासून हातभर अंतरावर शेडचा काळा पत्रा होता.

"आकाश बरंच खाली आलंय," दादा म्हणाला.

दादाने मान वळवून खाली पाहिलं. चाकं काढलेली व्हॅन, तेलाचे डबे, आणि तोंड उघडं टाकून उभा गॅरेजवाला. मग त्याच्या छातीतून एक खरखर निघाली. दंतवैद्य घाबरले. पण ते हसू होतं.

"मलाही इथेच सोड," दादा म्हणाला. "तीन आठवड्यांत करून देतील."

दादाला त्याच दुपारी घरी नेलं, गाडी तिथेच राहिली. टाकीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. दोन वेळा दंतवैद्य काढायला गेले, पण दादाने रॅम्पची आठवण काढून त्यांना इतकं छळलं की विषय राहून गेला. थोड्याच दिवसांत एका दुपारी, वहिनी औषधाची वाटी धुवायला आत गेल्या तेवढ्यात, दादा गेला.

आणि मग गॅरेजवाल्याने अख्ख्या हयातीत न केलेली गोष्ट केली. तीन आठवडे संपले त्या दिवशी गाडी दारात आणून उभी केली. खाली नवा पत्रा, त्यावर तीच दवाखान्यातली खुर्ची, वर नवा टप. वहिनींसमोर मान खाली घालून तो म्हणाला, "पंप आता एकदम बसलाय."

दंतवैद्यांनी या वेळी आधी खात्री करून घेतली. "म्हणजे चालतो, की नाही?"

"चालतो, साहेब. तुमच्या भाषेत बसलाय."

गाडी दारात नुसतीच उभी राहिली. तिचं काय करायचं हे दंतवैद्यांना सुचत नव्हतं. ते पुन्हा ताडपत्री शोधायला निघाले. वळून बघतात तर वहिनी चपला घालून गाडीशेजारी उभ्या. सवतीकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, मग दार उघडून त्या आत शिरल्या आणि त्या खुर्चीत टेकल्या.

"टाकीपर्यंत," त्या म्हणाल्या.

"बसलात नीट?"

"बसले."

दंतवैद्यांनी बटण दाबलं. टप अगदी डौलात घडी होत मागे गेला. आणि त्याच डौलात वहिनीही मागे गेल्या. गॅरेजवाल्याने सगळं बदललं होतं, जळालेली वायरसुद्धा, फक्त ती तात्पुरती जोडणी जशीच्या तशी ठेवली होती. मालकाची हौस असेल म्हणून. वहिनी सपाट आडव्या. दंतवैद्यांचा हात घाईने पुन्हा बटणाकडे गेला.

"राहू द्या," वहिनी वर बघत म्हणाल्या. त्यांनी दांड्यांवर हात ठेवले. "त्यांना हेच दिसत होतं ना? मग असंच चला, भाऊजी. फक्त वाटेत मला 'आ करा' म्हणू नका."