‘काळी उशी’ बरा होता

‘काळी उशी’ या सिनेमात जिचा खून होतो तिच्या हातचं आपण रोज जेवतो, असं आकारामतात्या सरगर छाती पुढे काढून सांगायचा. आणि लगेच म्हणायचा, त्यात कसलं कौतुक, सगळा एसटी डेपोच तिच्याकडे जेवतो.

ते खरंच होतं. ‘काळी उशी’ हा रहस्यपट चाळीसेक वर्षांमागे शेरेगावच्या सरोज टॉकीजला लागला आणि तिसऱ्या दिवशी पडला. रिळांची पेटी परत न्यायलाही कुणी आलं नाही. सिनेमाच बंद म्हटल्यावर वसुधाला, म्हणजे त्यात खून होणाऱ्या बाईला, पडद्यात काही काम उरलं नाही. ती बाजूच्या दारानं बाहेर आली आणि डेपोसमोर तिनं खानावळ टाकली. पोपटी नायलॉनची साडी तीच, वयही तेच. आधी ती तात्याला भाऊजी म्हणायची, मग काका, आता आजोबा. सिनेमात तिच्या तोंडावर उशी दाबणारा नवरा, श्रीधर, रोज सकाळी तिची भाजीची पोती उतरवून द्यायचा. माणूस कामाला वाईट नव्हता.

यंदा टॉकीजच्या माळ्यावर ती पेटी सापडली, आणि दुर्लक्षित सिनेमांना ‘कल्ट क्लासिक’ दर्जा देणारी समिती गावात यायची ठरली. दर्जा मिळाला की नियमाप्रमाणे दर शुक्रवारी खेळ. खेळ लागला की वसुधानं आत जायचं, उशीखाली मरायचं, आणि ‘समाप्त’ची पाटी पडली की शनिवारच्या भाकरी थापायला बाहेर यायचं. मरण्याचं तिला एवढं काही नव्हतं. पण उशीखाली वेळ लवकर सरत नाही, म्हणाली.

तो सिनेमा पाहिलेला गावात एकच माणूस जिवंत होता, तो म्हणजे तात्या. साक्ष त्याचीच होणार होती. तोही मध्यंतरानंतर घोरत पडला होता, हे फक्त वसुधाला ठाऊक. शेवटच्या खेळाला थेटरात तो एकटाच होता आणि पडद्यावरून तो समोरच दिसायचा. त्याचा तिला राग नव्हता. निदान एक मरण कुणी बघत नसताना झालं, असं ती म्हणायची.

तात्यानं बेत मांडला की समितीपुढे सिनेमाची अशी सालटी काढतो, की पेटी पुन्हा माळ्यावरच जाईल. वसुधानं मान हलवली. तिनं आधी पेटी बघायला येऊन गेलेल्या समितीच्या लोकांना जेवू घालता घालता सगळं विचारून घेतलं होतं. उत्तम म्हटलं तर दर्जा मिळतो. भिकार म्हटलं तर हमखास मिळतो, कारण भिकार सिनेमावर जीव टाकणारे फार. कुणी पाहिलाच नाही म्हटलं तर दुर्लक्षित ठरून आपोआप मिळतो. सुटका एकाच उत्तरात होती.

“बरा होता, एवढंच म्हणा,” ती म्हणाली.

तात्यानं घास गिळून म्हणून पाहिलं, “बरा होता, पण...”

तिनं आमटीची पळी मागे घेतली. “पण नको.”

मग रोज जेवताना तालीम चालली. तात्या ‘बरा होता’ म्हणायचा आणि तोंड कारल्यासारखं करायचा. उभ्या आयुष्यात त्यानं कुठल्या गोष्टीला नुसतं बरं म्हटलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्याच्या तेराव्याला त्यानं अख्खी पंगत हसवली होती. तरी आठवडाभरात जमलं.

सुनावणी टॉकीजमध्येच झाली. सगळा डेपो आला होता, कारण तात्या बोलणार होता. वसुधा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. समितीच्या अध्यक्षा नेर्लेकर मॅडम अदबीनं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, “सिनेमा कसा होता?”

“बरा होता.”

मॅडमनी लिहून घेतलं. काही खास आठवतं का, असं विचारलं. तात्या नाही म्हणाला. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. वसुधानं पदराचं टोक मुठीतून सोडलं.

पण एवढी माणसं काम टाकून आली होती आणि तात्याच्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी जांभई दिली. तात्यापुढे आजवर कुणी जांभई दिली नव्हती. त्यानं मागच्या भिंतीकडे पाहिलं, मग जांभईकडे पाहिलं.

“बरा म्हणजे, इतका बरा की मध्यंतराला डोअरकीपरच मला म्हणाला, उरलेला बघणार का, नाहीतर मीपण घरी जातो.”

थेटर फुटलं. आता थांबणं तात्याच्या हातात नव्हतं. खुनाच्या ऐन वेळी नवऱ्याची खोटी मिशी सुटून उशीलाच चिकटते आणि मेलेली बाई मिशीवाली दिसते, असं त्यानं सांगितलं. हे त्यानं उभ्या उभ्या रचलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. ते पाहून तात्या भानावर आला. मी झोपलो होतो हो, शपथेवर सांगतो, असं तो म्हणाला, तर त्यावर लोक सगळ्यात जास्त हसले.

मॅडमनी टोपण काढलं. इतक्या वर्षांनी एखादा सिनेमा एवढ्या माणसांना हसवतो, याहून मोठा पुरावा समितीला लागत नाही, असं नोंदवून दर्जा मंजूर केला. तात्यानं वळून पाहिलं तेव्हा मागच्या भिंतीपाशी कुणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी वसुधानं त्याला जेवायला वाढलं. नेहमीसारखंच वाढलं, आमटी जरा जास्तच. मग पातेली झाकली, चुलीवर पाणी मारलं. शनिवारी भाकरी मिळेल, पण घसा बसलेला असतो, तेव्हा लांबून हाका मारू नका, असं तिनं डेपोवाल्यांना सांगितलं. श्रीधर दारात येऊन उभा होता. अंघोळ केलेला, केसांना तेल, काखेत काळी उशी. खाली मान घालून तो म्हणाला, “चल, वेळ झाली.” त्याला खरीच मिशी होती.

टॉकीजपुढे रांग पार रसवंतीपर्यंत गेली होती. तात्यानं हात धुतले, काठी घेतली आणि त्या दोघांच्या मागोमाग निघाला. बाजूच्या दारापाशी त्यानं तिला गाठलं.

“या खेपेला मी जागा राहीन, पोरी. पहिल्या रांगेत बसतो.”

वसुधानं पायरीवर चपला काढल्या.

“उशीला मिशी चिकटत नाही, आजोबा. लोक ती शोधतील, आणि सापडली नाही की तुमच्या तोंडाकडे बघतील. तेव्हा हसणार का तुम्ही?”