मारोतीची मागची डावी जागा

गुलाबभाऊ कोणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवायचे. एकच, पण कडक. मग मान तिरपी करून ती टाळी भिंतीवरून परत येईपर्यंत थांबायचे आणि निकाल द्यायचे, "हॉल मोठा हाय, पण आवाज भटकून राह्यला." पुतण्यासाठी मुलगी पाहायला देवळीला गेले, तिथंही त्यांनी टाळी ठोकली. मुलीच्या मामाला वाटलं, पसंती झाली. त्यानं पेढ्यांचा डबाच उघडला. पुढं लग्न तिथंच झालं आणि बरं चाललं आहे, म्हणून तो विषय आता कोणी काढत नाही.

अल्लीपुरात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, तेरवी, प्रचारसभा, सगळीकडे त्यांचेच कर्णे. माझे हिंगणघाटला कॉम्प्युटरचे क्लास. पाटीवर 'सर्व कोर्स शिकवले जातील' असं लिहिलं होतं. त्यातले दोन मला येत. कॅसेटी मागे पडून सगळीकडे सीडी येऊ लागल्या होत्या, त्या काळात एका सकाळी गुलाबभाऊ क्लासात आले. टाळी वाजवली, "कोंबडीचा खुराडा हाय," असं म्हणून माझ्यासमोर बसले.

"मास्तर, कॉम्प्युटरातून आवाज मागून काढता येते का?"

"मागून म्हणजे?"

"माह्या पाठीमागून. डाव्या अंगानं."

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, या एका गुणावर माझा धंदा उभा होता.

मग कळलं ते असं. नव्वदच्या दशकात गावात त्यांचं भजनमंडळ होतं. दर गुरुवारी देवळाच्या सभामंडपात पाच जण बसत. पुढं डावीकडे नामदेव पेटीवर, उजवीकडे शंकर ढोलकीवर. मागं उजवीकडे डोमाजी टाळ घेऊन आणि मागं डावीकडे मारोती खंजिरी घेऊन. मधे गुलाबभाऊ, म्हणणारे. जागा ठरलेल्या. पाहुणा आला तरी त्याला कोणी दुसऱ्याच्या जागेवर बसू देत नसे. पुढं नामदेव पोराकडे नागपूरला गेला, शंकर चंद्रपूरच्या खाणीत लागला, डोमाजी वर्ध्याला वॉचमन झाला आणि मारोती सगळ्यांत लांब, सुरतेला, कापडाच्या कारखान्यात.

"मंडळ मेलं नाई मास्तर, पांगलं. कोणी पोळ्याले येते, कोणी दिवाळीले. एका दिवशी चारी कधीच नाई."

म्हणून त्यांनी काय केलं, तर जो येईल त्याला पकडायचं, माइकपुढं बसवायचं, कानाला हेडफोन लावून स्वतःचं गाणं ऐकवायचं आणि त्याचं एकट्याचं वाजवणं टिपून ठेवायचं. दोन-तीन वर्षांत चौघंही सापडले. आता त्या चौघांना आपापल्या जागी बसवायचं, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी त्यांनी पाच स्पीकर, एक धमधम करणारा जाड आवाजाचा डबा आणि मागं सहा भोकं असलेलं साऊंड कार्ड विकत घेतलं होतं. मी क्लासातला एक कॉम्प्युटर घेऊन अल्लीपूरला त्यांच्या घरी गेलो.

कॉम्प्युटरमध्ये मोठ्या प्रोग्रामच्या पोटात एक छोटा प्रोग्राम बसतो, त्याला प्लग-इन म्हणतात. घरमालकाकडे भाडेकरू असावा तसा. आमच्या भाडेकरूचं काम, प्रत्येक आवाज सांगू त्या दिशेला बसवायचा आणि त्याला देवळासारखा घुमारा द्यायचा. पडद्यावर एक गोल होता. मी मारोतीचा ठिपका बरोबर मागं डावीकडे ठेवला आणि ऐटीत बटण दाबलं.

चौघंही पुढच्या दोन स्पीकरांतून वाजू लागले.

"सगळे तोंडासमोर काऊन आले? दर्शनाची लाइन हाय का?"

मी तारांना दोष दिला. मग व्होल्टेजला दिला. आमच्याकडे व्होल्टेज दोष घ्यायला कायम तयार असतं. गुलाबभाऊ म्हणाले, तारांचं काम मले करू द्या, जनम गेला त्याच्यात. मी ऐकलं नाही. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटवल्या आणि अँप्लिफायरातून अगरबत्तीसारखा धूर निघाला.

"वास बरा नाई," गुलाबभाऊ म्हणाले, आणि धंद्यातला दुसरा अँप्लिफायर उचलून आणला.

खरी गोम निराळीच होती. भाडेकरूच्या खोलीला सहा दारं होती, पण बाहेरची वाट मी दोघांपुरतीच ठेवली होती. ती सहाजणांची केली. मग एक चौकटींचा तक्ता उघडला. आडव्या ओळी प्लग-इनच्या दारांच्या, उभ्या रांगा कार्डाच्या भोकांच्या. कोणी कुठून बाहेर पडायचं, तिथं टिंब द्यायचं. मी एकाला एक, दोनाला दोन अशी तिरकी, रांगोळीसारखी सुबक ओळ काढली.

नामदेवची पेटी जागेवर आली. शंकरची ढोलकी मात्र मधल्या स्पीकरातून. मधे गुलाबभाऊ स्वतः म्हणणार असल्यामुळे तो स्पीकर रिकामाच ठेवायचा होता आणि त्यांच्या मांडीला टेकलेला होता. मागचा उजवा मुका. मागच्या डाव्यातून डोमाजीचे टाळ. आणि ज्याची खंजिरी बाजाराच्या ओट्यापर्यंत ऐकू जायची, तो मारोती त्या जाड आवाजाच्या डब्यात जाऊन पडला होता. नुसतं धप्प, धप्प.

"शंकर माह्या मांडीवर, डोमाजी मारोतीच्या जागी अन् मारोती विहिरीत! कोणं बसवलं यायले?"

"मीच."

"मास्तर, तुमी पंगतीत पत्रावळी मांडाले जाऊ नका कधी."

मी हसलो. ते हसले नाहीत. गुडघ्यांवर बसून त्यांनी डब्याला कान लावला. "सुरतेले गेला, पोटासाठी गेला, समजलं," ते हळूच म्हणाले, "पण इथं तं येजो ना बाप्पा."

त्यानंतर मला व्होल्टेजची आठवण झाली नाही. मदतीचं इंग्रजी पान मी तीनदा वाचलं, तेव्हा उजेड पडला. प्लग-इन मोजतं ते डावा, मधला, उजवा असं. मग मागचे दोन, आणि डबा शेवटी. कार्ड मोजतं डावा, उजवा, मधला, मग डबा, आणि मागचे दोन शेवटी. दोघंही आपापल्या जागी बरोबर, हजेरीच वेगळी. मी टिंबं हलवली. रांगोळी पार विस्कटली, तक्ता कोंबड्यांनी उकरल्यासारखा दिसू लागला.

गुलाबभाऊ मधे मांडी घालून बसले. डोळे मिटले, गळा साफ केला आणि भजन उचललं. पेटी डावीकडून आली, ढोलकी उजवीकडून, टाळ मागून. धृपद आलं तसं ते मान न वळवता म्हणाले, "हं, मारोती," आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागून खंजिरी अशी कडाडली, की मी दचकून तिकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. आपल्या जागी बसलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही.

भजन संपलं. चारही आवाज एकदम थांबले. मला ते जरा तुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, "भाऊ, वाजवून झाल्यावर कोणी काहीच बोललं नाही?"

"बोलले ना. सगळ्यायचं एकच. येतो भाऊ, गाडीचा टाइम झाला." त्यांनी डोळे उघडले नव्हते. "थे कापलं मी."

स्पीकरांमधून बारीक सरसर येत होती. मी अँप्लिफायर बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या जराशेक, मास्तर," गुलाबभाऊ म्हणाले. "बसले हायेत."