पुरेचं कार्ड

माझ्या आयुष्यात मी 'बरं' हा शब्द फारसा वापरलेला नाही. एकदा लग्नाच्या वेळी म्हटलं होतं, त्याचा परिणाम समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेला असतो. दुसऱ्यांदा म्हटलं ते त्या थेरपीवाल्या पोरीला, आणि त्या एका 'बरं'नं मला भर दुकानात गिऱ्हाइकांदेखत मुकं करून ठेवलं.

आमची पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे घर. गिरणी चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि इतकी वर्षं ओरडल्यावर गिरणी बंद असली तरी तोच आवाज निघतो. (माझा फोन आला की जाऊबाई तो शेजारच्या खोलीत ठेवून बोलतात म्हणे. ठेवू देत. ऐकू तर येतंय.)

मुलगा ट्रकवर असतो, सून दवाखान्यात नर्स. म्हणून शाळा सुटली की नात माझ्याकडे. पाच वर्षांची आहे. स्वतःभोवती गरगर फिरत राहते म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. शब्द तिच्याकडे मोजके, तेही तिच्या मनात असेल तेव्हा. दात मात्र सगळे आले आहेत. आमच्या ह्यांच्या दंडावर, माझ्या मनगटावर, गॅस सिलिंडर आणणाऱ्याच्या मांडीवर, आणि शेवटी शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलाच्या खांद्यावर ते उमटले. शाळेच्या मोठ्या बाईंनी सुनेला बोलावून सांगितलं, "महिनाभर बघू. मग मी स्वतः घरी येईन, मुलीला बघेन आणि ठेवायची की नाही ते सांगेन."

सून घरी आली ती न जेवता आडवी झाली. मी उगाच दोन डबे गहू जास्त दळले. मला रडता येत नाही. मी दळते.

मग दवाखान्यातल्या कुणीतरी ही थेरपीवाली सुचवली. आली तेव्हा मला वाटलं मीटर बघायला आली आहे. "नमस्कार आजी," म्हणाली, तिथेच तिचे निम्मे मार्क गेले. मग काळी पँट घालून सरळ पिठात फतकल मारून बसली आणि काही म्हणजे काही करेना. नुसती बघत होती. मनात म्हटलं, असं बसायचं शिक्षण असेल तर आमचे हे मोठे डॉक्टर आहेत.

तेवढ्यात पाववाला दळणाचा डबा घेऊन आला. बेकरी आहे त्याची, पण डबा कधी पुसून आणेल तर शपथ. मी सुरू केलं. माझा आवाज चढला आणि भिंगरी कोपऱ्यातून सुटली ती सगळ्यात जवळच्या हातावर. म्हणजे थेरपीवालीच्या.

ती चावते तेव्हा मोठमोठे बाप्ये नाचताना मी पाहिले आहेत. आमचे हे एकदा गव्हाच्या पोत्यावर चढले होते. ही पोरगी हललीसुद्धा नाही. हात ओढला नाही, ओरडली नाही, डोळेही मोठे केले नाहीत. दुसऱ्या हातानं खिशातून एक लाल कार्ड काढलं, त्यावर उघडा पंजा काढलेला. ते भिंगरीच्या मुठीत दिलं, मूठ धरून माझ्यापुढे केली आणि हळूच म्हणाली, "पुरे."

मी गप्प झाले. नियमानं नाही, चकित होऊन. आणि भिंगरीचे दात सुटले.

मी म्हटलं, "दुखलं नाही का गं?"

"दुखलं की."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडण्याचाच तर तिला त्रास होतो, आजी. ती चावत नाही, ती बोलते. तिला 'पुरे' म्हणायचं असतं. शब्द सापडत नाही, दात सापडतात."

"म्हणजे आमच्या ह्यांच्या दंडावर तिचं अख्खं भाषण आहे."

"आहे. पण ते गिरणीबद्दल नाही. गिरणी तिला आवडते, बघा, पीठ पडतं तिथे हात धरून बसते. तुमचा आवाज गिरणीच्या वर गेला की ती चावते."

मागे आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. पेपर पूर्ण होण्याआधी ठेवला, असं लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग तिनं नियम सांगितला. भिंगरीनं कार्ड हातात दिलं की जे चालू असेल ते तिथल्या तिथे थांबवायचं. कुणीही असो, काहीही असो. 'थांब जरा' नाही, 'एवढं बोलून घेते' नाही. "एकदा जरी चुकलात, तरी तिला कळेल की कार्डापेक्षा दात बरे."

मी दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरं."

पहिले काही दिवस भिंगरीनं राज्य केलं. केस विंचरताना कार्ड. अर्ध्या डोक्याची वेणी आणि अर्ध्याचं घरटं घेऊन ती गल्लीभर हिंडली. अंघोळीत कार्ड, की साबणासकट टॉवेलात. एकदा तर गिरणी चालू असताना कार्ड आलं. दगडांत गहू अडकलेला असताना मोटर बंद केली की पुन्हा सुरू करताना पट्टा घसरतो आणि सगळीकडे जळका वास सुटतो. गिऱ्हाइकं नाक धरून उभी, आणि आमचे हे शांतपणे म्हणतात, "नियम म्हणजे नियम."

थेरपीवालीला सांगितलं तर म्हणाली, "करू दे. आधी कार्ड खरंच चालतं याची तिला खात्री पटू दे."

पटली. मग वेणी पूर्ण होऊ लागली, साबण धुतला जाऊ लागला. कार्ड उरलं ते फक्त माझ्यासाठी. मी गरजेपुरतीच ओरडते अशी माझी समजूत होती. (ती माझी एकटीचीच होती.) आता तोंड उघडलं की पंजा पुढे. पाववाल्यानं हे हेरलं. आला की भिंगरीच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. मी म्हणायचे, "तुझा हा मेला डबा," की कार्ड. तो डबा उचलायचा, अगदी देवळात बोलावं तसं "येतो हं काकू" म्हणायचा आणि जायचा.

पण ती चावायची थांबली. एकालाही चावली नाही. आमच्या ह्यांचा दंड भरून आला. एवढीशी पोर, तिला जगाला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला कुणी जागाच ठेवली नव्हती. मला पोत्यावर बसून राहावंसं वाटायचं तिच्याकडे बघत. बसले नाही, गिऱ्हाइकं होती.

मग मोठ्या बाई आल्या. गिरणी बंद ठेवली. सुनेनं रजा काढली, कपबशा दोनदा पुसल्या आणि मला बजावलं, "आई, तुम्ही तोंड उघडायचं नाही." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे 'बरं' नव्हे.

बाईंचा आवाज ऐकला आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं जागेवर उभी राहतील असा आवाज. भिंगरी पहिल्या 'नमस्कार'लाच टेबलाखाली गेली, कानांवर हात ठेवून.

"हे बघा, मी खूप विचार केला," बाई म्हणाल्या. "वर्गात बाकीचीही मुलं असतात. आमच्यानं हे होणार नाही. अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात, तिकडे बघा."

सुनेच्या हातातला ट्रे कलला आणि चहा फरशीवर सांडला. मी उठले.

"बघायला आलात ना? मग टेबलाखाली बघा की. आल्यापासून एकदा तरी वाकलात का?"

"मला शिकवू नका. तीस वर्षं मुलं सांभाळतेय मी."

"सांभाळताय की घाबरवताय?"

"आई, पुरे," सून म्हणाली. पण सुनेकडे कार्ड नव्हतं.

आमची दोघींची जुंपली. खिडकीच्या काचा थरथरल्या म्हणतात ते खोटं नाही, आमच्या थरथरल्या. आणि भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. तोंड उघडलेलं. दात दिसत होते. बाईंनी दोन्ही पाय वर खुर्चीत घेतले. वाटलं, संपलं. शाळा संपली, सुनेचं जेवण संपलं, महिन्याभराची मेहनत पाण्यात.

भिंगरी बाईंच्या खुर्चीपाशी थांबली. माझ्याकडे वळली. फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं.

आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या घशात एक वाक्य होतं. इतकं चांगलं वाक्य मला आयुष्यात सुचलेलं नाही. ते बाईंना कायमचं गप्प बसवणार होतं. पण ते बोलले असते तर पोरीला कळलं असतं की दात बरे. मी तोंड मिटलं. कोरडं पीठ गिळावं तसं ते वाक्य गिळलं. मोटर बंद केली तरी दगड जरा वेळ आपले आपण फिरतात, तसं आत काहीतरी फिरत राहिलं, पण बाहेर आलं नाही.

बाईंना रान मोकळं मिळालं. "हं, तर मी काय म्हणते," त्यांनी पूर्ण आवाजात सुरुवात केली.

भिंगरीनं माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

बाईंनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सून कुजबुजली, "थांबावं लागतं, बाई."

आणि बाई थांबल्या.

माझ्या घरात अशी शांतता मी कधी पाहिली नव्हती. दोन तोफा समोरासमोर, आणि दोन्हींच्या वाती एवढ्याशा बोटांनी विझवून ती पोर मधोमध खाली बसली, आणि फरशीवर सांडलेल्या चहाच्या थेंबात बोट फिरवू लागली. आमच्यापैकी कुणाला चावली नाही, कुणाला बोलली नाही. मी चौथी शिकलेली बाई, मला मोठं काही कळत नाही, पण मोठं काही समोर बसलंय हे कळतं.

बऱ्याच वेळानं बाईंनी पाय खाली घेतले. कुजबुजत म्हणाल्या, "मला आजवर कुणी असं गप्प केलेलं नाही."

"मलाही," मी म्हटलं. तितकंच हळू.

"वर्गात आम्ही ओरडतोच," त्या म्हणाल्या. मग कार्ड दोन्ही हातांनी भिंगरीला परत दिलं. "सोमवारी पाठवा. कार्डासकट. त्या थेरपीवाल्या मुलीला शाळेत यायला सांगा, बाकीच्या बाईंनाही नियम कळू दे." दारापर्यंत गेल्या, वळल्या. "सोडायला मात्र आजोबांना पाठवा."

त्या संध्याकाळी सून पोटभर जेवली. मला साहजिकच दिवसभराचं साठलेलं होतं. बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणाले आणि मुख्य म्हणजे मी काय म्हणणार होते, ते वाक्य सांगायला मी जेमतेम सुरुवात केली, तोच ताटाशेजारी एक कार्ड सरकलं. भिंगरीचं नाही. चहापत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर बॉलपेननं काढलेला पंजा. सहा बोटांचा. आमच्या ह्यांचा.

नियम म्हणजे नियम. थांबले. म्हटलं, इतक्या वर्षांनी या माणसाला काही बोलायचं आहे. किती साठलं असेल. खरं सांगते, घाबरले. ते नुसते भिंतीकडे बघत बसले.

शेवटी मीच हळू विचारलं, "अहो, बोला ना काय ते."

"काही नाही."

"मग?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "आपल्या घड्याळाला आवाज आहे, तुला माहीत होतं?"

मी कान दिला. खरंच टिकटिक करत होतं. लग्नात आहेर म्हणून आलेलं घड्याळ ते. आजवर मी सगळ्यांना सांगत आले, की ते मुकं आहे.