हिम्मतरावांचा पक्का रंग

सोसायटीच्या विहिरीला घाण वास कुठून येतो, हे हिम्मतरावांना वास येण्याआधीपासूनच ठाऊक होतं. शेजारी भाग्यलक्ष्मीची मेस होती ना! ती बंद करावी, असा अर्ज लिहून सेक्रेटरी या नात्याने त्यांनी सहीसुद्धा ठोकली होती.

"साब, माझं घर याच्यावर चालतं. माझा काय तप्पू, काय चूक?" भाग्यलक्ष्मी रडकुंडीला आली.

दुसऱ्या मजल्यावरची त्रिवेणी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. ती म्हणाली, "काका, अर्ज दोन दिवस थांबवा. विहिरीजवळून दोनच पाइप जातात, मेसचा आणि तुमच्या तळमजल्याचा. मेसच्या मोरीत लाल रंग टाकू, तुमच्या संडासात हिरवा. विहिरीत कुठला उतरतो ते बघू."

"हौ, बघा की," हिम्मतराव उदारपणे म्हणाले. बरकतपुऱ्यातून खास बेगम बाजारात जाऊन मिठाईचे रंगही त्यांनीच आणले, तेही दुकानदाराला "पक्का दे" असं बजावून.

एकेक चमचा पुरे, असं त्रिवेणीने सांगितलं होतं. पण सत्याला थोडा हातभार लावावा म्हणून हिम्मतरावांनी मेसच्या मोरीत लाल रंगाचा अख्खा डबा उपडा केला. घरच्या संडासात चमचाभर हिरवा, तोही सपाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळाला येणाऱ्या विहिरीच्याच पाण्याने तोंड धुऊन डोळे पुसत बाहेर आले. त्यांची बायको भामाबाई बघतच राहिल्या.

"अहो, पांढऱ्या मिशीला काय झालं?"

"लाल झाली?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"पोपटी."

हिम्मतराव विहिरीकडे धावले. पाणी हिरवंगार. त्रिवेणी काठावर वाकून नोंद करत होती. शेवटी त्यांनी डब्याची गोष्ट कबूल केली.

त्रिवेणी रागावली नाही, हसलीही नाही. "काका, मग तर शंकाच उरली नाही. डबाभर लाल टाकून थेंब उतरला नाही आणि तुमचा चमचाही लपला नाही. मेससाठी इतका भक्कम पुरावा मला जमला नसता."

ही पोरगी कुणाच्याच बाजूने नव्हती, फक्त पाण्याच्या बाजूने होती. हिम्मतरावांना मनापासून कौतुक वाटलं, आणि तितकीच लाजही.

त्यांनी खिशातून अर्ज काढला. 'शेजारची मेस' खोडून 'तळमजल्यावरचा फुटका पाइप' लिहिलं आणि भाग्यलक्ष्मीच्या समोर तो मोठ्याने वाचून दाखवला.

सही तेवढी बदलावी लागली नाही.