आज मी नाई

नागपूरला जायचं असलं की खोडे सर आदल्या दिवशी, नेमक्या त्याच वेळी, भरलेली बॅग घेऊन घरून निघतात. पुलगाव स्टेशनावर जातात, गाडी आली की आपला डबा कुठे लागतो ते बघतात आणि गाडी गेली की परत येतात. आमच्या नाचणगावातले ऑटोवाले त्यांना बसवण्याआधी विचारून घेतात, "सर, आज खरं जाता का ड्राय रन हाये?"

याचं मूळ त्यांच्या तरुणपणात आहे. सर विजेचे इंजिनिअर. कोणत्या तारेतून किती वीज वाहील याचं गणित कॉम्प्युटरकडून करवून घ्यायचं, असं त्यांचं संशोधन. कॉम्प्युटर तेव्हा खोलीएवढा, आणि तोही मुंबईला. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम लिहायचा, गठ्ठा रेल्वेने पाठवायचा आणि आठ दिवस वाट बघायची. एक भोक चुकीचं पडलं की सगळं परत यायचं आणि पुन्हा आठ दिवस. तेव्हा सर शिकले की आधी आपणच मशीन व्हायचं. पेन्सिल घेऊन एकेक पायरी कागदावर चालवून बघायची. हीच ड्राय रन. "मशीन आपल्याले ओळखत नाई" हे त्यांचं पेटंट वाक्य. पुढे कॉम्प्युटर खिशात मावायला लागला, पण सरांची ड्राय रन काही सुटली नाही. उरलेल्या कार्डांवर शोभाकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, वांगे, सांभार म्हणजे कोथिंबीर, अशी भाजीची यादी लिहितात.

त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ड्राय रनपुरतं व्याही केलं होतं. मी मारुतीच्या देवळापासून रुबाबात चालत आलो, पाटावर बसलो, तर म्हणाले, "आता रुसा." मी मठ्ठ्यावरून रुसलो. रुसायला मला सराव लागत नाही, आमच्या बायकोला विचारा. सरांनी ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी खरे व्याहीही मठ्ठ्यावरूनच रुसले आणि सरांनी लगेच जास्तीचं पातेलं आणवलं.

मागच्या हिवाळ्यात सरांच्या हृदयात स्टेंट बसवला. महिन्याभराने एका सकाळी टॉवेल आणि गोळ्यांची डबी घेऊन ते आमच्या दारात उभे.

"आज मी नाई."

"नाई म्हणजे?"

"वारलो. संध्याकाळपर्यंत."

घरी काकूंसाठी आठ कार्डं ठेवून आले होते. पंप लावणे, गॅस नोंदवणे, इन्व्हर्टरमध्ये पाणी घालणे, अशी आजवर त्यांनी एकट्यानेच केलेली कामं. आपल्यामागे हिचं काही अडायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी हसणारच होतो, पण त्यांच्या हातातल्या गोळ्यांच्या डबीकडे लक्ष गेलं आणि त्यांना आत घेतलं.

आमच्या खिडकीतून त्यांचं घर समोरच दिसतं. तिथे खुर्ची टाकून वारलेल्या माणसाने दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले.

काकूंनी पंप लावला. सर घड्याळ बघून टाकी भरतात; काकूंनी धुणं वाळत घालता घालता नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि थेंब न सांडता पंप बंद केला. गॅसवाल्याशी फोनवर अशा बोलल्या की अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. साडेअकराला सगळं उरकून मस्त झोपल्या.

"एकही चूक नाई," सर म्हणाले. खूश व्हायला हवे होते, पण चेहरा पडला होता बिचाऱ्यांचा.

चारला काकू आमच्याकडे आल्या आणि आठही कार्डं सरांपुढे ठेवली.

"झालं. आता उद्या मी नाई."

सर कार्डं मोजायला लागले.

"मी अगुदर गेली तं? त्याची ड्राय रन नोको का?"

दुसऱ्या दिवशी सात वाजता काकू इस्त्रीची साडी नेसून त्याच खुर्चीत येऊन बसल्या. आठ वाजले, पंपाचा आवाज नाही. नऊ वाजले, स्वयंपाकघराची खिडकी उघडली नाही. काकूंचे पोहे तसेच गार झाले. शेवटी मीच उठून गेलो.

सर ओट्यापाशी स्टुलावर बसले होते. समोर एक कार्ड, त्यावर फक्त "१. चहा".

"चहा येते मले," ते म्हणाले. "सैपाकही येते. पण हे मले कागदावर चालवाचं नाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. ते उठले आणि तडक आमच्या फाटकाशी गेले. कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस, दार उघडं टाकून अनवाणी निघाला होता.

"चाल वं घरी."

"संध्याकाळपर्यंत ठरलं होतं ना?" काकू म्हणाल्या. चपला मात्र त्यांनी आधीच घातल्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांचा पंप सुरू झाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा खोडे सरांची टाकी भरून वाहिली. बराच वेळ वाहत होती. सांगून येऊ का, असं आमची बायको म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.