नाथाशेटचं झाडाचं सेंट

धनेशला डोळे आखायला बसवायचं सीताबाईने ठरवलं खरं, पण मनाविरुद्ध. पेणच्या त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे चाळीस वर्षं एकट्या नाथाशेटने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आखले होते. सोवळं, शेला, दागिने कुणीही रंगवावं, पण डोळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. तो गेल्या वर्षी गेला आणि त्याची बसायची चौकी रिकामी पडली.

धनेश रोह्यापलीकडचा, अष्टमी गावचा. पोरवयात तीन वर्षं तो नाथाशेटकडे शिकला आणि धाटावच्या केमिकल कंपनीत शिफ्ट मिळताच एका शब्दानेही न सांगता पळाला. "हात हाय याच्याकडं, पण बूड नाय," एवढंच नाथाशेट म्हणाला आणि पुढे त्याने धनेशचं नाव काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी कसल्याशा तापात धनेशला वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. "गॅस सुटला तर तुला कळायचं कसं?" असं म्हणून सुपरवायझरने त्याला घरी पाठवलं. तेव्हा कुठे त्याला चौकी आठवली.

"एकेचाळीस मूर्ती हायेत," सीताबाई म्हणाली. "गुरुवारी गडबचा मितेश टेम्पो घेऊन यील. डोळे जमले तर चौकी तुझी. नाय जमले तर अष्टमी काय लांब नाय."

सोमवारी सकाळी धनेश चौकीवर बसला. समोर एकेचाळीस गणपती, आणि एकालाही डोळे नाहीत. आंधळ्या मूर्तींची रांग नुसती असते तेव्हा काही वाटत नाही, पण तिच्यासमोर ब्रश घेऊन बसलं की सगळ्या आपल्याकडे तोंड करून वाट बघताहेत असं वाटू लागतं. धनेशचा हात लटपटायला लागला. ब्रशचं टोक पापणीपाशी नेलं की ते दुसरीकडेच जाऊ बघे.

त्याला नाथाशेटची रीत आठवली. आंघोळ, धुतलेली बनियन, आणि मग कोनाड्यातल्या हिरव्या बाटलीतला एक थेंब उजव्या मनगटावर. बाटलीवर उंच सुईसारख्या पानांच्या झाडाचं चित्र होतं, म्हणून सगळे त्याला झाडाचं सेंट म्हणत. ते गुलाब-मोगऱ्यासारखं लाडिक नव्हतं. थंड डोंगरावर कुणी नुकतं लाकूड फोडलं असावं तसा तो वास होता, कडक आणि स्वच्छ. पेणमधले नवरदेव हळदीनंतर एक थेंब मागायला यायचे. हे सेंट लावलेला माणूस दिलेला शब्द पाळणारच, असं बायकांचं मत होतं. कारखान्यात रंगाच्या आणि थिनरच्या वासातून तो वास आला की बोलणं बंद. शेट डोळे उघडतोय.

बाटली अजून कोनाड्यात होती. धनेशने इकडेतिकडे बघितलं, झाकण काढलं आणि दोन थेंब मनगटावर चोळले. त्याला अर्थात काहीच वास आला नाही. पण हात थांबला. नुसता थांबला नाही, कुणी कोपराखाली तळवा धरावा तसा हलका झाला. पहिला डोळा उतरला, मग दुसरा, आणि गणपतीने त्याच्याकडे बघितलं.

मागे कॉम्प्रेसर बंद पडल्यासारखी शांतता झाली होती. धनेशने मान वळवली. सोनेरी काम करणारा म्हातारा पोपट टोपी काढून उभा होता. खडे चिकटवणाऱ्या रंभाच्या हातातला चिमटा तसाच हवेत होता.

"आला," पोपट पुटपुटला.

"कोण आला, पोपटदादा?"

"तुला वास नाय येत?"

धनेशने मनगट पाठीमागे लपवलं. मेलेल्या माणसाचं सेंट चोरून लावलं हे पहिल्याच दिवशी कसं सांगायचं? तो म्हणाला, "माझं नाक गेलंय." खरंच होतं ते.

मंगळवारी त्याने पुन्हा दोन थेंब लावले, कारण न लावता बसला तर हात लटपटे. त्या दिवशी रंभाने चौकीशेजारी दुसरा चहा ठेवला. चहा निवला, त्यावर साय धरली, पण कुणी उचलला नाही. दुपारी पोपट चौकीसमोर येऊन बसला आणि धनेशच्या उजव्या खांद्याच्या थोडं वर बघत बोलू लागला.

"शेट, तुमचा खारीच्या केसांचा ब्रश मीच नेलता. घरी हाय. उद्या आणतो. माझ्या पोरांकडं वाकड्या नजरेनं बघू नका."

धनेशला आपल्या खांद्याच्या वर बघायचा धीर झाला नाही. उजवीकडची बाजू मात्र थंड पडली होती. भाद्रपद तोंडावर आलेला, घामाने बनियन अंगाला चिकटलेली, आणि तेवढाच एक खांदा थंड. पंख्याचा वारा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पंखा डावीकडे होता.

बुधवारपर्यंत शेट परत आल्याची बातमी आळीभर झाली. शेजारच्या कारखान्यांतली माणसं निमित्तं काढून येत, दारात उभी राहून नाक वर करत आणि हात जोडून परत जात. त्यातच मितेशचा फोन आला. गडबला त्याचा हमरस्त्यावर स्टॉल होता आणि बातमी तिथवर गेली होती.

"काकी, मला सगळे डोळे शेटच्याच हातचे पाहिजेत," तो फोनवर म्हणाला. "त्या रोह्याच्या पोराचे नाय चालायचे. मी गिऱ्हाइकांना शब्द दिलाय."

तीस मूर्ती झाल्या होत्या, अकरा बाकी होत्या. सीताबाई धनेशपाशी आली आणि तिने त्याच्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला.

"तू बाजूला हो, बाळा. तू मधे बसतोस म्हणून त्यांना अडचण होत असंल."

"काकी, तीस मूर्ती मी केल्यात."

"व्हय, हात तुझाच होता," ती समजुतीने म्हणाली. "पण आखतंय कोण, हे आमाला दिसतंय ना."

अकरा मूर्ती आतल्या खोलीत नेल्या. चौकी, रंगाच्या वाट्या, पोपटने परत आणलेला ब्रश आणि तांब्याभर पाणी ठेवून दाराला बाहेरून कडी घातली. चार वाजता उघडायचं ठरलं. सगळी मंडळी जेवायला गेली.

धनेश आवारात एकटा उरला. चार वाजता दार उघडेल, अकरा गणपती आंधळेच असतील, उद्या टेम्पो रिकामा जाईल आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटेल. पळून जायची सवय होती, पाय फाटकापर्यंत गेलेही. पण आठ वर्षांपूर्वीचं ते पळणं त्याला अजून सलत होतं. तो मागे फिरला, कोनाड्यातून बाटली उचलली, मनगटावर थेंब चोळले आणि मागच्या खिडकीतून आत उतरला.

आत गार होतं. चौकीवर बसायला गेला तर ती किंचित ऊबदार लागली, नुकतंच कुणी उठावं तशी. धनेशने तोंडाने देवाचं नाव घेतलं आणि ब्रश उचलला. असं काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. एके ठिकाणी बुबुळ चुकणार होतं, तेवढ्यात मनगटावर बारीकशी टिचकी बसली. लहानपणी शेटकडे शिकताना बसायची तशीच. त्याने ब्रश थांबवला, रेघ नीट घेतली आणि मागे न बघता पुढचा गणपती ओढला. साडेतीनला तो खिडकीतून बाहेर पडला आणि बाटली कोनाड्यात परत ठेवली.

चारला दार उघडलं. अकराच्या अकरा गणपती डोळे उघडून बघत होते. रंभा तिथल्या तिथे खाली बसली. पोपटने लोटांगण घातलं. सीताबाई पदराने डोळे पुसून धनेशकडे वळली.

"तू आता घरी गेलास तरी चालंल रं. त्यांचं काम तेच करतायत. मी उगाच तुला बसवला."

धनेशचा बांध फुटला. चौकी मेहनतीने मिळवली आणि गेली एका भुताकडे. तो कोनाड्यापाशी गेला, हिरवी बाटली आणून सगळ्यांसमोर धरली.

"भूतबित काय नाय, काकी. मीच हे सेंट चोरून लावत होतो. सोमवारपासून रोज. आत्ताही खिडकीतून आत गेलो आणि अकरा मूर्ती मीच केल्या. मला वास येत नाय, म्हणून किती लावतोय ते कळलं नाय. चोरी केली ती माफ करा, पण डोळे माझे हायेत."

पोपटचा चेहरा पडला. सीताबाईने बाटली घेतली, झाकण काढलं, स्वतःच्या तळव्यावर चार थेंब ओतले आणि तळवा आधी रंभाच्या, मग पोपटच्या नाकाशी नेला. दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

"यात सेंट कुठंय?" ती म्हणाली. "सेंट मी त्यांच्या राखंबरोबर भोगावती नदीत सोडलं. रिकामी बाटली बघवंना, म्हणून पाणी भरून ठेवलंय."

धनेशने बाटलीकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे. रंभा भिंतीला टेकली होती. पोपट मात्र पुन्हा टोपी काढून ताठ उभा राहिला, आणि त्याची नजर परत धनेशच्या उजव्या खांद्याच्या वर स्थिरावली.

सीताबाईने चौकी उचलली, पदराने पुसली आणि आपल्या हाताने बाहेर खिडकीपाशी, उजेडात मांडली. मग तिने धनेशच्या गालावरून हात फिरवला. त्याच्या पळून जाण्याचा राग तिच्या मनात उरला नव्हता, आणि शेटच्याही मनात तो उरला नाही हे तिला कळलं होतं.

"चौकी तुझी," ती म्हणाली. "उद्या नवाला या. दोघंही."